टकरच्या पानाला कावळा शिवेना

ब्रिस्टल, दसऱ्याचा आदला दिवस

चि. सौ. विमल हिस,

थोरलीचे आशीर्वाद. इकडे गुडघे सोडून सगळे बरे आहेत. तुझी साखर किती ते कळव. तुझ्या यजमानांची कुरकुर कशी आहे ते कळवू नकोस, ती ठणठणीतच असणार.

आपल्या श्रीकांतला इथल्या क्रिकेट क्लबच्या कमिटीवर जायचं खूळ लागलं होतं. (चाळिशी उलटली. शनिवारी पांढरे कपडे घालून जातो, हिरवे करून आणतो. धुतं कोण, ते विचारू नकोस.) क्लबात त्याला दिवसभर वाऱ्याच्या तोंडावर बॉलिंगला जुंपतात आणि बॅटिंगला सगळ्यांच्या शेवटी पाठवतात. मी मागल्या दाराने किचनमध्ये जाते आणि वडे तळते. वडे तेवढे पुढच्या हॉलमध्ये जातात.

कमिटीची निवड ठेवली टकरच्या जेवणाच्या दिवशी. टकर म्हणजे यांचा बॉलर, त्याला जाऊन सव्वाशे वर्षं झाली. सेक्रेटरी पेम्बर्टन साहेबांनी त्याच्यावर लांबलचक भाषण केलं, श्रीकांत मला किचनच्या खिडकीतून मराठीत सांगत होता. टकर खाणीत कोळसा खणायचा. कुणा जमीनदाराने त्याचा हात बघितला आणि पगारावर ठेवला. मग काय, उन्हात बॉलिंग टकरने करायची, बॅट साहेबलोकांनी फिरवायची. साहेबांच्या नावामागे मिस्टर, हा नुसता टकर. मैदानात यायचं दार वेगळं, जेवायची खोली वेगळी. संध्याकाळी रोलरही त्यानेच ओढायचा. खांदा गेल्यावर त्याच्या मदतीसाठी सामना ठेवला, तर तीन दिवस पाऊस. शेवटी गरिबांच्या आश्रमात मेला. एवढं सांगून पेम्बर्टन साहेबांनी ग्लास उचलला आणि सगळे टकरच्या फोटोला ग्लास दाखवून आपणच प्यायले.

नेमका पितृपक्ष चालू. मी म्हटलं, ज्याचं जेवण आहे त्याला कुणी वाढलं का? कागदी प्लेटमध्ये दहीभात आणि वडा घालून मागच्या कुंपणावर ठेवला. कावळा आला. (इथले कावळे कोंबडीएवढे.) बसला, बघितलं, शिवेना.

श्रीकांत धावत आला. "आई, मतं देणारे बघतायत. प्लेट आत घे."

"गप रे. अडलाय तो."

मग मी टकरला मोठ्याने विचारायला लागले. पुन्हा मदतीचा सामना ठेवू? ढिम्म. रोलर दुसऱ्या कुणाला ओढायला लावू? ढिम्म. शेवटी म्हटलं, बाबा, तुला पुढच्या दाराने नेऊन साहेबांच्या पंगतीला बसवते. झालं, चोच मारली आणि उडाला.

तोवर सगळा क्लब ग्लास घेऊन बाहेर. श्रीकांतने घाम पुसत काय झालं ते इंग्रजीत सांगितलं. पेम्बर्टन साहेब नॅपकिनमध्ये रडले. ताबडतोब मधल्या टेबलाला टकरची खुर्ची लागली. ती कायमची रिकामी ठेवावी असं ठरत होतं, तेवढ्यात मी बसले. गुडघे, दुसरं काय. कोण उठवणार? चांदीच्या काट्याने माझाच वडा खाल्ला. मीठ कमी होतं.

श्रीकांत कमिटीवर आला. बिनविरोध. चहापाणी खातं. बाकी कुणाला नकोच होतं म्हणे. आपल्या सुनेने, अर्चनाने, पेढे वाटले. मी काही बोलले नाही. (बोलले, पण थोडंच.)

तुझी,
ताई

ता. क. काल श्रीकांतने सांगितलं, मी वर बघून टकरशी बोलत होते तेव्हा याने वड्याखाली सॉसेजचा तुकडा सरकवला होता. कावळा त्याला भुलला. पेम्बर्टन साहेबांना कळवायचं कारण नाही, नॅपकिन महाग असतात.

पुन्हा ता. क. आता सामन्याच्या दर शनिवारी मला आत बसावं लागणार. टकरची जागा, अशी सोडता येत नाही. तेव्हा किचनला माणूस नाही. एप्रिलमध्ये यांचे सामने सुरू होतात, तू मार्चमध्येच ये, तिकीट श्रीकांत काढेल. वड्याला तुझा हात माझ्याहून चांगला, हे मी पूर्वी कधी म्हटलं नसेल, आता म्हणते. येताना मोठा झारा आण. मागलं दार उघडं ठेवायला सांगते.