तीन वासांची बाटली

चि. गोवर्धन यास,

चांदूर बाजारहून खुशालरावाचे आशीर्वाद. इकडे सगळे ठणठणीत. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव (लसणाचं तेल चोळत असशील तर बंद कर, तुझ्या ताईने ते मलाही चोळलं, गुडघा होता तसाच आहे). फोनवरच बोललो असतो, पण तुझी ताई फोन स्पीकरवर टाकते आणि माझ्याआधी तीच बोलते. म्हणून हे पत्र.

विषय तू आणलेल्या स्थळाचा. अकोल्याचा तो शेखर आपल्या प्रणालीला बघून गेला, पोहे दोनदा घेतले, मोठ्यांच्या पाया पडला, सगळं ठीक. पण निघताना त्याने माझ्या हातात सेंटची बाटली ठेवली. त्याच्या दुकानात असलं सामान असतं हे मला माहीत आहे. तरी मुलीला सोडून मुलीच्या बापाला सेंट? माझ्या अंगाला खताचा वास येतो असं सुचवायचं होतं का त्याला? खोक्यावर सिनेमातल्या एका बाईचा फोटो आणि खाली तिची सही. हा वास म्हणे तिने स्वतः निवडला आहे. (पहाटे ओल्या वाफ्यात कधी उभी राहिली आहे का ती?) मी झाकण काढणार तोच पोरगा म्हणाला, "काकाजी, लगेच नका ठरवू. याचा वास हळूहळू खुलते. तीन घंटे थांबा."

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. तीस वर्षं फुलं पिकवतोय. मोगरा पहाटे मोगरा असतो आणि सुकला तरी मोगराच असतो, त्यासाठी घड्याळ लावून बसावं लागत नाही. तरी म्हटलं, परीक्षा घेऊ. सेंट हातावर मारून बघतात म्हणे, पण माझ्या हाताची साक्ष कोण धरणार, त्याला शेवंतीचा चीक आणि शेणखत कायमचं चिकटलेलं. आपल्याकडे फूल ताजं राहावं म्हणून ओल्या गोणपाटात ठेवतात. मी नवं गोणपाट भिजवलं, त्यावर चांगले पंधरा फवारे मारले आणि ओट्यावर बसलो. आधी आला संत्र्याची साल सोलल्याचा वास. मनात म्हटलं, आपलाच माणूस दिसतो. तासाभराने संत्रं गायब आणि कुठलंसं फूल हजर. ते गुलाब नाही, जाई नाही, मला नाव सांगता येईना, हा माझा अपमानच झाला. जेवणं होईपर्यंत तेही गेलं आणि देवघरातल्या चंदनाच्या खोडासारखं काहीतरी मागे राहिलं. आता तूच सांग, एका बाटलीत तीन वास, आणि ही बाटली मोठ्या कौतुकाने देणारा मुलगा. पहिल्या भेटीत संत्रं निघालं, लग्नानंतर काय निघेल? गोवर्धन, पोरगी एकच आहे. मला भीती वाटते. फूल खराब निघालं तर दुसऱ्या दिवशी नवं तोडता येतं, इथे तसं नाही.

पुढचं ऐक. दुसरा दिवस बुधवार, मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेचा माल. पहाटेच्या घाईत मी शेवंती नेमकी त्याच गोणपाटात बांधली आणि अमरावतीला नेली. आपला नेहमीचा अडत्या सूर्यभान, त्याने गाठोडं सोडलं, एक फूल नाकाशी नेलं आणि भर बाजारात ओरडला, "खुशालराव, शेवंतीले चंदनाचा वास काहून येऊन राहिला? देवाच्या फुलाले सेंट मारून राहिले का तुमी?" वीस माणसं गोळा झाली. तीस वर्षांत माझ्या मालाकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं, त्या दिवशी प्रत्येकाने फूल हुंगलं. मी गोणपाट पाण्यात चारदा बुचकळून दाखवलं, वास हलायला तयार नाही. शरमेने मेल्यासारखं झालं. शेवटी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

तर मुद्दा असा की, त्या लोकांना इतक्यात होकार कळवू नकोस. आधी शेखरच्या गल्लीत दोन-चार ठिकाणी चौकशी कर, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशी वेगवेगळी.

तुझा,
खुशालराव

ता. क. गुडघ्याला शेक दे.

ता. क. मामा, मी प्रणाली. पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं म्हणून वाचलं. बाजारात बाबा काय बोलले ते त्यांनी लिहिलंच नाही. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "फुलाले नाही मारलं, गोणपाटाले मारलं. माझ्या जावयानं देलेली बाटली आहे, इमानदारीची!" सूर्यभानकाकांनी तिथेच पेढे मागवले. बाबांनी दोन खाल्ले आणि दोन आईला बांधून आणले. आता त्या लोकांना हे बाहेरून कळण्याआधी तुम्ही आजच जा आणि तारीख विचारा. मला शेखर आवडला आहे. पहिल्या दिवसापासून.

ता. क. वरचं वाचलं. पेढा एकच खाल्ला होता. तारीख चैत्रातली काढ, मोगरा घरचा असेल. आणि पोराला सांग, गोणपाट घरी आणून आणखी तीनदा धुतलं, चंदन अजून आहे. एवढं टिकत असेल तर माझी हरकत नाही.