चंचलचा पाय

गोडादरा, सुरत

प्रिय ताई,

तू मजेत असशील. तुला सगळे मजेतच ठेवतात. लग्न होऊन अमळनेरला गेलीस, पण या घरात अजून तूच असतेस. भाजी खारट झाली की ‘चंचल असती तर’, पाणी भरायचं राहिलं की ‘चंचल असती तर’. तुझा फुलाचा कप आई मला अजून हात लावू देत नाही. आणि अप्पांच्या गॅरेजात तर विचारूच नको.

नानपुऱ्याच्या पारशी बावाजींची ती काळी म्हातारी मॉरिस गाडी आठवते ना, जिला पुसायला आपण दोघी भांडायचो? तिचा ब्रेक लागेना. पेडल दाबलं की पाय गादीत गेल्यासारखा खाली. अप्पा म्हणाले, ब्रेकच्या नळीत हवा धरलीय, काढू. मग तेच आपलं काम. अप्पा गाडीखाली, मी सीटवर. मी पेडल मारून दाबून धरायचं, अप्पांनी चाकामागचा बारका नट ढिला करायचा, तेल आणि बुडबुडे निघाले की परत कसायचा. ते सोड म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा उलटी आत जाते. चारी चाकं झाली, पेडल नरमच. परत चारी केली, तरी नरम. बाहेर तेलाचा एक थेंब गळत नव्हता. तर अप्पा खालून ओरडले, तुना पायमा दम नही, आधीच सोडस तू, चंचलना पाय न्यारा व्हता! बावाजी स्टुलावर चहा पीत होते, ते हसले. माझे कान तापले.

मला चारचौघांत बोलता येत नाही, तुला माहितीये. बाई उभं करून धडा वाचायला लावायच्या म्हणून तर सातवीत शाळा सोडली. पण पायाला कळत होतं. सगळे नट कसलेले असताना पेडल हळूहळू आपलंआपण खाली सरकत होतं. म्हणजे तेल बाहेर नाही, पेडलखालच्या सिलिंडरातच मागे पळत होतं. सांगू कसं? मी मोडक्या खाटेचा दांडा घेतला, सीट आणि पेडलच्या मधे घट्ट बसवला, आणि भांडी घासायला निघून गेले. परत आले तर पेडल खाली गेलेलं, दांडा सुटून पडलेला. लाकूड काय आधीच पाय उचलतं? अप्पांनी दांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सिलिंडर खोलला. आतलं रबराचं वायसर पुरीसारखं फुगून कडेला फाटलेलं. नवीन टाकलं, परत हवा काढली. पेडल दगडासारखं! बावाजी भेस्तानपर्यंत चक्कर मारून आले, एकदम खूश. मला वाटलं, आता तरी अप्पा काही बोलतील. बोलले. बावाजींना म्हणाले, मोठी पोरगी असती तर पहिल्याच दिवशी पकडलं असतं.

मी त्या दिवशी जेवले नाही. तुझ्या फोटोकडे पाठ करून झोपले. वाईट वाटून घे, नाहीतर नको घेऊ.

आता का लिहितेय ते सांगते. अप्पांचे हात हल्ली थरथरतात. रविवारी ते पॅसेंजरने तुमच्याकडे येताहेत, हेमराज जिजाजींना गॅरेज सांभाळायला बोलवायला. पोरीच्या हातात गॅरेज दिलं तर लोक हसतील म्हणे. ताई, ते वायसर असं फुगतं ब्रेकच्या तेलात इंजिनचं तेल पडलं की. अप्पा रोज विचारतात, कुणी ओतलं असेल? दिवाळीत जिजाजी हौसेने मॉरिसच्या ब्रेकचं तेल भरत होते, आपण दोघी ओट्यावर बसून बघत होतो. डबा पिवळा होता, इंजिनचा. तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. मला आता आठवलं, तुलापण आठवेल. मी अप्पांना सांगितलं नाही. तू जिजाजींना नाही म्हणायला लाव, मी कधीच सांगणार नाही. तुझ्याकडे सगळं आहे, हे एक गॅरेज मला राहू दे. तोपर्यंत मी पेडल दाबून धरलंय. आणि ताई, माझ्या पायात दम आहे.

तुझीच,
जयू