हिरवळीतला धुरा

अमरावती,
आषाढातला सोमवार

प्रिय किसनराव,

टपालवाल्याने वाटेत दोन ठिकाणी चहा घेतला नाही, तर हे पत्र तुला शुक्रवारपर्यंत मिळावं. रामराम. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? म्हैस व्याली का? (उत्तर याच क्रमाने दे. मागच्या खेपेला गुडघ्याचं राहिलं आणि म्हशीचं पानभर आलं.) फोन का करत नाही, असं विचारशील. मी फोनवर बोललो की चारी खोल्यांत ऐकू जातं, आणि लिहायचं आहे ते घरच्यांविषयीच आहे.

'ये आणि मला गावी घेऊन जा', असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते काही रागात लिहिलं नव्हतं. पोरगा ललित वाईट वागत नाही. सून नीलम विद्यापीठाच्या कचेरीत जाते, तर जाताना माझं वरण-भात झाकून ठेवते. ललितची आई, म्हणजे आमची कौशल्या, गेल्यावर एकटा म्हातारा गावी काय करेल म्हणून दोघांनी मला इथे आणलं. पण दोघंही माझ्याशी इतकं हळू बोलतात, की मी या घरात पाहुणा आहे की पेशंट, तेच समजत नाही. चार महिने बसून बसून जीव आंबून गेला, किसन.

त्यातून अंगणातलं ते लॉन. लॉन म्हणजे काय, तर हरळी! जी निंदता निंदता तुझी-माझी बोटं वाकडी झाली, तीच हरळी माझ्या पोराने विकत आणून लावली आहे. तिला सकाळ-संध्याकाळ पाणी देतो आणि जरा वर आली की कापून फेकतो. (गुरांनाही घालत नाही. गुरंच नाहीत.) पुष्कळ दिवस मी तोंड दाबून राहिलो. एक दिवस राहवलं नाही. म्हटलं, "कावून रे ललित, बापानं जन्मभर जे उपटलं, ते तू लावून राहिला?" तो बिचारा हसला. म्हणाला, "बाबा, तुमाले पाहिजे तर त्या कोपऱ्यात वाफा करा." कोपरा केवढा? दहा हात लांब, चार हात रुंद. आपली बैलजोडी त्यात वळलीसुद्धा नसती.

तरी घेतला. शेजारच्या बांधकामावरून टिकास मागून आणलं. पहिल्या घावाला हरळी निघाली, दुसऱ्याला विटांचे तुकडे, तिसऱ्याला फुटकी फरशी, आणि चौथ्याला जमिनीतून कारंजं उडालं. लॉनला पाणी देणारी नळी तिथून गेली आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. (सांगितलं होतं, पण हळू.) ललितने मुकाट्याने नळी बदलली. रागावलासुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं. तू असतास तर निदान आठवडाभर शिव्या दिल्या असत्यास.

असा वाफा झाला. पालक लवकर निघतो म्हणून पालकच टाकला, कारण तू न्यायला येशील तेव्हा मागे अर्धवट पीक नको. वाफा आणि हरळी यांच्यामध्ये विटांची ओळ लावून बांध घातला, म्हणजे आपला धुरा. आता धुरा दिसला की शेतकऱ्याचा हात शिवशिवतो, हे मी तुला काय सांगावं? सहा वर्षांत तू आपला धुरा तीन हात माझ्याकडे कोरलास, त्यापायी तहसिलीत आपण अकरा तारखा केल्या आणि प्रत्येक तारखेला एकाच डब्यातली भाकर खाल्ली. मीही सुरू केलं. रोज सकाळी चार बोटं. हरळी खणायची, वीट सरकवायची, वरून माती सारखी करायची. ललितला काही दिसलं नाही. शिकलेली माणसं पायाखाली पाहत नाहीत.

पण आठ दिवस झाले तरी वाफा काही वाढेना. वाटलं, माझी नजर गेली. मग काठीवर खूण करून मोजलं, तर धुरा जिथल्या तिथे! उलट दोन बोटं आत. काल रविवार, दुपारी झोपेचं सोंग घेतलं आणि खिडकीतून पाहिलं. सूनबाई उकिडवी बसून विटा मागे सरकवत होती आणि मोकळ्या जागी हरळीची मुळं दाबत होती.

मी बाहेर गेलो. वाटलं, आता लाजेल. छे! मातीचे हात कमरेवर ठेवून उभी राहिली. (अकोल्याकडच्या शेतकऱ्याची पोर आहे, हे मी विसरलोच होतो.)

"मामाजी, तुमी धुरा कोरून राहिले. मी पयल्या दिवसापासून पाहून राहिली."

"मंग सांगितलं कावून नाई?"

"सांगून कोनी धुरा सोडते काय? आमच्या बाबाचा धुरा काकानं असाच खाल्ला. मी नाई खाऊ देत."

"आन् हे दोन बोटं आत कायचे?"

"तो दंड हाय."

किसन, खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चार महिन्यांत या घरात माझ्याशी कुणी मोठ्याने बोललं, ते हे पहिल्यांदा. मग अर्धा तास आम्ही असे भांडलो, की समोरच्या संध्याबाई गच्चीवर येऊन उभ्या राहिल्या. ललित मध्ये पडायला आला, त्याला आम्ही दोघांनी मिळून आत पाठवला. शेवटी दोघांचाही घसा बसला, तेव्हा तिने चहा केला. डॉक्टरने माझी साखर बंद केली आहे हे ती रागात विसरली. मीही आठवण दिली नाही.

भांडण मिटलेलं नाही, एवढं ध्यानात ठेव. वहिनींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुझा,
खुशाल

ता. क. : येत्या रविवारी तू मला न्यायला निघणार होतास, ते तूर्त राहू दे. प्रकरण चालू असताना माणूस जागेवरून हलला की ताबा जातो. हे मला तूच शिकवलंस.

आणखी एक ता. क. : पालक निघाला की वाफा मोकळा होईल. कुणी इकडे येणारं असेल तर त्याच्याजवळ ओंजळभर तुरीचं बी दे. लवकर येणारं नको. आपलं जुनं, माघापर्यंत उभं राहणारं दे. हे मी मागत नाही हं. नीलमने मागवलं आहे.