अर्धी चकली

पिस्कॅटवे, फेब्रुवारी २००८, मंगळवार

चकल्यांचा डबा समोरच आहे. हात लावायचीसुद्धा किळस येतेय.

संध्याकाळभर मंदार, सौरभ आणि मी, आम्ही तिघे रूममेट लॅपटॉपवर रडार बघत होतो. इथून दूर टेनेसीत एकामागून एक टोर्नेडो. आमचा नेहमीचा खेळ: रडारवर वादळाला हुकासारखा आकडा, म्हणजे टोर्नेडोची खूण, फुटलेला जो आधी ओळखेल, त्याला आईने नागपूरहून पाठवलेली एक चकली. पण टोर्नेडो जमिनीला टेकला पाहिजे, नाहीतर चकली परत.

तेवढ्यात वेदर फोरमवर डोनाकाकूंचा मेसेज आला. टेनेसीच्याच, रोज ढगांचे फोटो टाकतात. काकू आम्हीच म्हणतो. "सायरन वाजतोय. कुत्र्याला घेऊन बाथटबमध्ये लपतेय."

आणि त्यांच्याच गावावर आकडा वळला. "मिळाला!" मंदार ओरडला, आणि चकली तोंडात. अरे, काकूंचं गाव आहे ते! हे मी मोठ्याने का नाही म्हणालो?

मग आकडा विरला. "छे, वाया गेलं यार," सौरभ म्हणाला. फोरमवरही तीच हळहळ. काकूंनी लिहिलं, "वाचलो आम्ही दोघं." खाली एकच उत्तर: फोटो काढलेत का?

"टेकलाच नाही ना," सौरभ मंदारला म्हणाला, "ठेव परत."

मंदारने तोंड पाडून उरलेली अर्धी, उष्टी चकली डब्यात टाकली. जणू वाचून काकूंनी त्याच्या तोंडचा घास काढून घेतला होता.