सोलांनी घासलेली कळशी

प्रिय आये,

तुमचं वर्षश्राद्ध होऊन महिना झाला. लिहायचं म्हटलं तर कधीही लिहिता आलं असतं, पण आज माझं डोकं फिरलंय म्हणून बसलेय. ऐकायला घरात कोणी नाही. म्हणजे माणसं पुष्कळ आहेत हो, कान कोणाला नाहीत.

माझ्या दिराचं, आपल्या बाबूचं लग्न आलं पुढच्या आठवड्यात. मुलगी शिरोड्याची, साधी आहे, हसते छान. आज सकाळी तुमच्या जाऊबाईंनी, काकींनी, तुमची तांब्याची कळशी काढली आणि सोलकढीची उरलेली सोलां नि मीठ घेऊन दारच्या खळ्यात घासायला बसल्या. मी म्हटलं, असू दे, लग्नघर आहे. तर काय म्हणाल्या ठाऊक आहे? "नवी व्हकल येतली, तिचा पयला पाणी माशांच्या पेटयेत घालूया. पायगुण कसो आसा तो तरी कळात."

शी! नऊ वर्षं झाली, आणि ह्या बाईच्या तोंडी तेच!

तुम्हाला ती काचपेटी कशी आली ते आठवतं ना? तुमचे थोरले चिरंजीव, म्हणजे माझे हे, कचेरीच्या कामाला मुंबईला गेले आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यात रंगीत मासे बघून खुळे होऊन परत आले. लोहाराकडून चौकट करून घेतली, काचा बसवल्या, फटींत लांबीचा लगदा भरला. मासे आले बोटीने, पत्र्याच्या डब्यातून, कोण्या ओळखीच्या माणसाच्या मांडीवर बसून. सगळं मालवण बघायला लोटलं होतं म्हणे. काकी म्हणाल्या, "तळूक येणा नाय तो मासो कसलो?" हे सगळं मला तुम्हीच सांगितलंत, पोटभर हसून. मी अजून ह्या घरात यायची होते.

ह्यांनी स्वतः विहिरीचं पाणी मडक्याने आणून पेटी भरली आणि मासे महिनाभर सुखात नांदले. हे मडकं लक्षात ठेवा, आये. मी पुढे त्यावर येणार आहे.

नवे पैसे चालू झाले त्या वर्षी मी इन्सुलीहून सून म्हणून आले. दुसऱ्या दिवशी वाजत-गाजत विहिरीवर नेलंत. विहिरीला हळदकुंकू वाहिलं, आणि तुम्ही माझ्या कमरेवर ती कळशी दिलीत. तुमची कळशी! तुम्ही तिला कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. सोलां चोळून चोळून अशी लख्ख केली होतीत की माझी नथ तिच्यात दिसत होती. रिवाजाप्रमाणे ते पाणी रात्रभर देवापाशी राहिलं. सकाळी तुम्ही ते तुळशीला घातलंत, घरातल्या प्रत्येकाला घोट-घोट दिलंत, आणि उरलेलं सगळं घेऊन त्या पेटीकडे निघालात. कोणीतरी हसलं. तुम्ही म्हणालात, "हसतास कित्याक? घरातल्या सगळ्या जिवांक सुनेच्या हातचा पाणी मिळाक व्हया. ते काय परके?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढा मान मला माहेरीही कोणी दिला नव्हता.

आणि संध्याकाळी पहिला मासा उताणा!

मी मासे कापत मोठी झाले. बांगड्याचं पोट फाडताना मला कधी काही वाटलं नाही. बाजारातला मासा मेलेलाच येतो, आपण त्याला मीठमसाला लावतो, विषय संपला. पण हे! फुगलेलं पोट, अंगावर पांढरी बुळबुळीत साय, आणि डोळे असे की जणू माझ्याकडेच बघतायत. अंगावरची हळद उतरली नव्हती आणि मी पळीने ते मढं उचलत होते. हाताचा वास तीन वेळा शिकेकाई लावली तरी जाईना. माडाच्या मुळात टाकले तर मांजरसुद्धा हुंगून निघून गेलं. दोन दिवसांत पेटी रिकामी झाली. पाण्यावर तवंग, खोलीभर घाण, आणि दारात बायकांची रीघ. कशाला? तर नव्या सुनेला बघायला. माझं तोंड बघायच्या, मग पेटी बघायच्या, मग एकमेकींकडे बघायच्या. मासे कुजले त्यापेक्षा त्या बघण्याचीच मला जास्त किळस आली.

काकींनी तर तोंडावर विचारलं, "इन्सुलीसून काय आणलंस गो, चेडवा?"

तुम्ही तेव्हा गप्प राहिलात. मला राग आला होता तुमचा, आज सांगते. एक शब्द बोलला असतात तर?

ह्यांना वाटलं, लांबीचं विष उतरलं असेल. पेटी धुऊन उन्हात टाकली, कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवली, परत मासे मागवले. ह्या खेपेला सगळी काळजी तुम्ही अंगावर घेतलीत. मडक्यातलं साधं पाणी कसलं द्यायचं, म्हणून रोज पहाटे कळशी घासायच्या, भरून देवापाशी ठेवायच्या, आणि दुसऱ्या दिवशीचं ते निवलेलं पाणी माशांना. आपण सगळे मडक्यातलं प्यायचो आणि त्या मेल्या माशांना देवाचं तीर्थ! पेटीसमोर पाट घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "काय सुंदर, काय सुंदर!" पोरीसारखा चेहरा व्हायचा तुमचा.

तेही मेले. एकूणएक.

मग काकींनी गावच्या देवऋष्याला, घाड्याला, बोलावून आणला गाऱ्हाणं घालायला. गाऱ्हाणं माशांसाठी! ज्या घरात रोज दुपारी ताटात मासा असतो, त्या घरात माशांच्या मढ्यासाठी नारळ ठेवला! भर सकाळी खळ्यात अर्धी वाडी जमली. मी तुळशीमागे उभी. घाड्याने सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घराक कोणाची नजर लागली आसात, कोणाचो पायगुण आडवो इलो आसात…" आणि सगळे खच्चून ओरडले, "व्हय म्हाराजा!" त्या 'पायगुण' शब्दाला काकींचा आवाज सगळ्यांच्या वर होता. आता ते माझ्या नावाला नारळ फोडणार आणि मग जन्मभर मी ह्या घरात वाईट पायाची, हे मला स्पष्ट दिसत होतं. माहेरी परत पाठवलेली एक मुलगी मी पाहिली होती, ती असल्याच कशावरून तरी गेली होती.

आणि तुम्ही उठलात. पदर खोचलात आणि म्हणालात, "थांब रे. पायगुणाचा नाव घेव नको. नजर माजी लागली. रोज त्येंच्या म्होरे बसान 'काय सुंदर, काय सुंदर' म्हणान बघीत रवलंय, ती मीच. चेडवाचा काय एक नाय. फोड नारळ माज्या नावान."

घाडी गोंधळला. नारळ फुटला. मी सुटले.

आणि तुम्ही अडकलात! आये, कशाला बोललात हो तुम्ही? तुम्हाला ही माणसं ठाऊक नव्हती? त्या दिवसापासून वाडीतल्या बायका तुम्हाला बघून तान्ही पोरं पदराआड घ्यायला लागल्या. बारशाचं बोलावणं मला यायचं, तुम्हाला नाही. कोणाची म्हैस आटली, तुमचं नाव. कोणाच्या पोराला ताप, तुमचं नाव. ज्या बाईच्या मांडीवर अर्धी वाडी वाढली, तिला दारातून परत! आणि तोंडावर कोणी काही बोलायचं नाही, गोड हसायचं. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

माझी शालू झाली तेव्हा तुम्ही बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबलात. आत आलाच नाहीत. "आधी काजळाची तीट लाव गो, मगे माका बघूक दी." स्वतःच्या नातीला! मी म्हटलं, "आये, असं काय करता?" तर म्हणालात, "उगाच कशाक?" वर्षानुवर्षं खोटं ऐकून शेवटी तुम्हालाही ते खरं वाटायला लागलं होतं, हो ना? हे मला कळलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडले.

तुम्ही गेलात. कळशी माळ्यावर गेली, कारण ती घासत बसायला कोणाला वेळ? धाकटा झाला त्या आनंदात ह्यांनी परत मासे आणले. पेटी मी भरली, मडक्याने, दुसरं हाताशी काही नव्हतं म्हणून. आणि मासे जगले! मस्त जगले, दुप्पट खायला लागले.

तर काकी काय म्हणाल्या असतील, सांगा बघू? "बघितलंस? म्हातारी गेली आणि मासे जगले." आणि तिथे बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. तेराव्याला तुमच्या नावाचे लाडू खाल्लेली तोंडं ती! मला वाटलं, उठून प्रत्येकीच्या तोंडात सोलां कोंबावीत.

चतुर्थीला काकींनी कळशी खाली काढली, गणपतीचं पाणी म्हणून. घासली, भरली, देवापाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी पेटीतलं पाणी कमी दिसलं म्हणून कळशीच्या कळशी त्यांनीच ओतली. दुपारी बघते तर मासे तोंड वर करून धापा टाकतायत, दोन उताणे. काकींनी आरोळी ठोकली, "म्हातारी परत इली गो!"

मेल्यावरसुद्धा सोडलं नाही हो तुम्हाला!

पण मी त्या आरोळीकडे बघतच नव्हते. मी कळशीकडे बघत होते. तिच्या आतल्या काठाला, जिथे चोळलेली सोलां नीट धुतली गेली नव्हती, तिथे हिरवट कळक धरली होती. धावत जाऊन लोणच्याची रिकामी बरणी विहिरीच्या पाण्याने भरली आणि हलणारे मासे त्यात टाकले. संध्याकाळपर्यंत ते फिरायला लागले. त्या दिवशी पेटीत राहिलेला एकही वाचला नाही; आज पेटीत आहेत ते बरणीतलेच.

कळक, आये! आंबट ताक कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवलं तर कळकतं, हे आपल्याकडे परकरातल्या पोरीलासुद्धा माहीत. काकींनीच मला त्यावरून कितीदा बोल लावलेत. मग तांब्याला आंबट चोळून रात्रभर पाणी ठेवलं तर एवढ्याश्या जिवाला ते बाधेल, हे इतक्या बायकांत एकीलाही सुचू नये? माझा पाय नाही, तुमचा डोळा नाही. तुमची माया होती ती, घासूनपुसून देवापाशी ठेवलेली. तिनेच मारले. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू?

मी सगळ्यांना सांगितलं. काकी म्हणाल्या, "तांब्याचा पाणी देवाक चलता, माशाक चलणा नाय?" झालं! सगळ्यांना पटलं. हे म्हणाले, "मेलेल्या माशांसाठी जित्या माणसांशी भांडतलंस?" तुमचे चिरंजीव बरं का! आईचं नाव निघतंय आणि ह्यांना शांतता हवी. वाईट नजर म्हटली की सगळ्यांना समजते, पाणी वाईट होतं म्हटलं की कोणाला समजत नाही. किळस येते मला ह्या शहाणपणाची.

आणि आता ती शिरोड्याची पोर. तिला कोणी सांगितलंय की तिच्यासाठी सोलां चोळून सापळा घासून ठेवलाय?

म्हणून वचन देते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर कळशी तिच्या कमरेवर मी देईन, तुम्ही मला दिलीत तशीच. पाणी रात्रभर देवापाशी राहील, तुळशीला जाईल, माणसांना जाईल. पेटीच्या वाटेवर मी उभी असेन, मडकं घेऊन. कोणी आडवं आलं तर वऱ्हाडासमोर सगळं बोलेन, कळक दाखवेन, आणि तुमचं नाव घेऊन बोलेन. भांडखोर म्हणू देत. वाईट पायाची म्हणण्यापेक्षा बरं.

एक काम मात्र तोपर्यंत थांबवलं नाही. धाकट्याला तुम्ही बघितला नव्हता. आत्ता त्याच्या गालावरची तीट मी पदराने पुसली आणि त्याला तुमच्या फोटोसमोर उभा धरला. काचेवर थापट्या मारत हसतोय.

बघा, आये. हवं तितका वेळ बघा.

तुमची,
इन्सुलीची सून