गुडघ्याखालची उशी

आई, परवा इंदापूरच्या दवाखान्यात मी एका बाईवर ओरडलो. ट्रॅक्टरखाली सापडून तिच्या तरण्या लेकाचा पाय गेलाय, आणि तिनं त्या तुटक्या पायाच्या गुडघ्याखाली मऊ उशी सारून ठेवली होती. "आधी काढा ती उशी!" असा खेकसलो की अख्खा वॉर्ड बघायला लागला. बाईनं बिचारीनं उशी ओढून छातीशी धरली. मग मी पँट वर करून माझा नकली पाय दाखवला, पण तुझी गोष्ट न सांगताच निघून आलो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की मी अजून हबकतो.

कारगिलच्या लढाईत सुरुंगानं माझा डावा पाय नेला, गुडघ्याच्या खालून. घाव भरेपर्यंत घरी राहा, मग पुण्यात नकली पाय बसवू, असं लष्कराच्या डॉक्टरांनी सांगितलं. धाकट्यानं घाबरून तुला एवढंच सांगितलेलं, दादाच्या पायाला लागलंय. आपल्या शेळगावात जीपमधून उतरलो तेव्हा तू दारात भाकरतुकडा घेऊन उभी. कुबड्या बघूनच तुझे डोळे असे भरले होते की समोरचं काही दिसत नसावं. तुकडा ओवाळून टाकलास, वाकून तांब्यातलं पाणी माझ्या उजव्या पायावर ओतलंस आणि सवयीनं हात डावीकडं नेलास. पाणी सरळ धुरळ्यात पडलं. तू वर बघितलं न्हाईस. रिकाम्या विजारीखाली नुसती चाचपडत राहिलीस. "पाय कुठाय रं?" म्हणालीस, जसा काय मी तो जीपमध्येच विसरून आलो होतो. मी मढी उचललेला फौजी गडी, पण त्या प्रश्नावर मी तोंड फिरवलं.

त्यानंतर तू मला खाटेवरून हलू दिलं न्हाईस. भाकरी हातात, पाणी तोंडाशी. भेटायला आलेल्यांनाही दटावायचीस, "माझा राजा लई सोसून आलाय, बोलवू नगा त्याला." गुडघा वाकवून ठेवला की ठणका कमी व्हायचा, म्हणून तू जुन्या लुगड्यांची उशी शिवलीस आणि ती दिवसरात्र गुडघ्याखाली. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? दवाखान्यातून निघताना त्यांनी बरंच काही समजावलं होतं, पण औषधाच्या गुंगीत काय ऐकलं अन् काय न्हाय, देव जाणे.

पुण्याला पायाचं माप द्यायला तू संगं आलीस. सिस्टर गुडघा सरळ करायला गेली, तर तो होईना. वाकला तिथंच आखडला होता. "ह्यांच्या गुडघ्याखाली उशी कुणी ठेवली?" तिनं विचारलं. "म्या," तू म्हणालीस, शाबासकी मिळंल अशा तोऱ्यात. ती म्हणाली, "मावशी, गुडघा असाच राहिला तर पाय बसायचा नाही. जन्मभर कुबड्या. पालथं झोपवा, पाय ताणून घ्या, आणि हातात काही देऊ नका. उठू द्या त्यांना." परतीच्या एसटीत भिगवणला मी खिडकीतून केळी घेतली, ती तू इंदापूरपर्यंत मांडीवर तशीच धरून बसलीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी मागतोय. तू चुलीपाशी बसून जाळ सारतेयस. "आई, पाणी." तू पाठ फिरवतेस. आपल्या दारात वैरी आला तरी आधी तांब्या पुढं येतो, बोलणं नंतर. आणि मी तर तुझ्या पोटचा.

"ऐकू येत न्हाय का?"

"येतंय की. माठ हितंच हाय. ऊठ."

"न्हाय जमत मला."

"मग ऱ्हा तसाच तान्हेला."

माझी हाक ऐकून शेजारची काकी तांब्या घेऊन धावत आली, तर तू तिला उंबऱ्यावरच अडवलंस. "त्याला पाणी पाजलंस तर माझ्या दारात पुन्यांदा पाऊल टाकू नगंस."

डोंगरावर जखमी पडलो होतो तेव्हाही इतका एकटा पडलो नव्हतो. शिव्या घालत, रडत कुबड्या ओढल्या. पाय खाली सोडला तशी गुडघ्यात अशी कळ उठली की डोळ्यांपुढं अंधारी आली. कसाबसा माठापाशी पोचलो आणि तिथंच बसकण मारून घटाघटा प्यालो. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाईस. "आता पालथा पड," एवढंच म्हणालीस, आणि माझ्या गुडघ्यावर दोन्ही हातांचा भार दिलास. मी गुरासारखा ओरडलो. तू हात काढला न्हाईस.

मग रोज तेच. गुडघा सरळ झाला, पाय बसला. बारामतीत बँकेच्या दारावर दिवसभर उभं राहून मी नोकरी केली, धाकट्याच्या वरातीत नाचलो. तुला खांदा दिला तोही ह्याच पायावर चालत. माझ्या आईनं मला चालवलं, असं मी जगाला छाती फुगवून सांगतो, आणि ते खरंही आहे.

पण हे कुठं धाडायचं न्हाय, म्हणून लिहितो. त्या दुपारचा राग माझ्या मनातून अजून गेलेला न्हाय. तुझं बरोबर होतं हे कळतं, आई. तरी जात न्हाय.