एदिल्माच्या अस्थी कोण घेणार

सोमवार, ४ मार्च २०१९

एदिल्माचा कप्पा गुरुवारी, २१ तारखेला उघडणार. दफनभूमीच्या कचेरीतल्या ओव्हिदियोने नक्की सांगितलं. तिची शवपेटी त्यात ठेवून चार वर्षं झाली, भाड्याची मुदत संपली. आता कप्पा रिकामा करायचा, हाडं लहान पेटीत भरून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची. हाडं गुंडाळायला पांढरं कापड मी आणून ठेवलंय.

"हाडं नातेवाइकाच्याच हातात देतो, नोरेल्याबाई. तुम्ही कोण लागता?"

"चुलत बहीण." सवयीने तोंडातून गेलं.

"मग सख्खा भाऊ आधी. त्याचा अर्ज आलाय."

एवेलियो! बहिणीच्या मातीलाही आला नव्हता. आता तिला गावी नेणार, आईशेजारी. तिथे मला कोणी दारातही उभं करणार नाही.

बुधवार, ६ मार्च

परत कचेरीत गेले, खरं सांगितलं. ओव्हिदियो मान खाली घालून म्हणाला — जोडीदार असाल तर भावाआधी तुम्ही. पण नोटरीपुढे दोन साक्षी हव्यात. दोन बायकांना लग्न करू देणारा कायदा ती गेल्यावर वर्षभराने झाला, आमच्याकडे कागद कुठला?

शेजारच्या उबाल्दिनाकडे गेले. आज राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस; ती नुकतीच चर्चमधून आलेली, कपाळावर राखेचा क्रूस.

"अगं, तुम्ही बहिणी ना? इथे राहायला आलात तेव्हा तूच सांगितलंस, सामान उतरवताना."

"खोटं होतं ते."

"मग आजचं खरं कशावरून? राखेच्या दिवशी शपथेचं काही बोलू नकोस बाई."

कॉफी दिली. साखर दोनदा घातली.

शुक्रवार, ८ मार्च

आणखी चार दारं. "किती गुणी बहिणी!" सगळीकडे हेच. खोटं आम्ही चोख रचलं होतं. पाहुणे यायचे म्हटलं की दुसऱ्या खोलीतली गादी विस्कटून ठेवायची — हे काम एदिल्माचं. वर उशीत डोक्याचा खळगाही करायची.

तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. दोघांकडून खात्री केल्याशिवाय ओळ सोडली नाही. आमच्याबद्दल सांगणारं एकही माणूस नाही.

मंगळवार, १२ मार्च

कोणी नाही. कापड धुऊन इस्त्री केलं.

शुक्रवार, १५ मार्च

उबाल्दिना कुंपणाशी आली. "त्या दुसऱ्या खोलीची खिडकी फक्त पाहुणे आले की उघडायची. मी काय आंधळी आहे?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात? येते मी नोटरीकडे. पण आमच्या ह्यांना विचारू नकोस."

एक साक्ष झाली.

सोमवार, १८ मार्च

ओव्हिदियोने एवेलियोचा अर्ज पुढे सरकवला. "दाखवायला नको खरं तर. वाचा."

"या बाईने माझ्या बहिणीला नासवलं. बावीस वर्षं दोघी एका खाटेवर, नवरा-बायकोसारख्या राहिल्या. सगळ्या घराण्याला ठाऊक आहे. तिला हाडांना हात लावू देऊ नये."

खाली सही, अंगठा, नोटरीचा शिक्का.

"सख्ख्या भावाने लिहून दिलंय," ओव्हिदियो म्हणाला. "याहून पक्की दुसरी साक्ष कुठून आणणार तुम्ही?"

आमच्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच खरं लिहिलं, तेही शिव्या घालायला. बाहेर बाकावर बसून राहिले. हे जिला सांगावं, ती एकच होती.

बुधवार, २० मार्च

नोटरीने दोन्ही साक्षी ग्राह्य धरल्या. ओव्हिदियोचा दुपारी फोन आला. उद्या आठला कप्पा उघडेल. सही घेण्याआधी तो पुन्हा विचारेल, तुम्ही कोण लागता. स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून पाहिलं — बायको. तिसऱ्यांदा आवाज नीट निघाला.